एका बाहीचा स्वेटर

आमच्या वस्तादांना पहिल्यांदा बघणारा माणूस आधी त्यांचे कान बघायचा आणि मग हात. कान आयुष्यभर कुस्ती खेळलेल्या माणसाचे असतात तसे, मोडून गोळा झालेले. मान कुठे संपते आणि खांदा कुठे सुरू होतो, काही कळायचं नाही. आणि हातात काय, तर स्वेटर विणायच्या सुया! मांडीवर मरून रंगाच्या लोकरीचा गुंडा, तोंडात अखंड शिव्या, समोर लाल मातीत दोन पोरं एकमेकांच्या माना आवळतायत, आणि वस्ताद सुलट-उलट, सुलट-उलट चालवतायत. नजर कायम कुस्तीवर. विणकामाकडे ते बघतच नसत. जामखेडला नवीनच बदलून आलेले एक साहेब एकदा तालीम बघायला आले आणि दारातच थिजून उभे राहिले.

"बघताय काय? आत या, न्हाईतर दार लावा. वारं येतंय," वस्ताद म्हणाले. साहेबांनी दार लावलं. बाहेरून.

त्यांच्या तालमीत आलेल्या पहिल्या दोन मुलींपैकी मी एक. दुसरी रुबीना. मी आता नगरला एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. तिथल्या मुलींना मी वस्तादांबद्दल सांगते तेव्हा त्या तोंडावर हात ठेवून हसतात. मॅडम फेकतात असं त्यांना वाटतं. म्हणून म्हटलं, एकदा सगळं लिहूनच काढावं. आणि खरं सांगायचं तर लिहायला बसले तरी मला अजून उभं राहावंसं वाटतंय, इतकी मजा आहे त्या सगळ्यात.

सुया वस्तादांच्या हातात आल्या त्या गुडघ्यामुळे. ऐन तारुण्यात एका जत्रेच्या फडात त्यांचा गुडघा गेला. नगरच्या एका मिशनच्या दवाखान्यात पायाला वजन बांधून त्यांना पडून राहावं लागलं. उभ्या उभ्या झाड हलवणारा माणूस, पडून पडून करणार काय? सकाळपासून शिव्या. डॉक्टरला, गुडघ्याला, ज्याच्यामुळे पडले त्या पैलवानाला, छतावरच्या पंख्याला. वॉर्डातले बाकीचे पेशंट हैराण झाले. तिथे एक सिस्टर होत्या, अंगानं लहान चणीच्या, पण आवाज असा की वस्तादसुद्धा गप्प व्हायचे. त्यांनी एक दिवस वस्तादांच्या हातात दोन सुया दिल्या आणि म्हणाल्या, "शिव्या द्यायच्यात ना? खुशाल द्या. पण मोजून. एका टाक्याला एक."

वस्तादांनी ती अट जन्मभर पाळली. सुयांचा आणि तोंडाचा वेग एकच. मऊ वीण असली तर शिव्याही मवाळ, 'गाढवा', 'मुडद्या' इतपत. अवघड नक्षी आली की आम्ही मुली कान झाकायचो. पहिल्यांदा त्यांनी मफलर विणायला घेतला, पण थांबायचं कुठे ते सिस्टरनी सांगितलं नव्हतं, त्यामुळे त्याची सतरंजी झाली. पुढे दर नाताळला ते सिस्टरना काहीतरी विणून नेऊन द्यायचे आणि येताना केक घेऊन यायचे. तो केक तालमीत वाटला जायचा, तुकडा तुकडा, प्रसादासारखा.

टेपनं माप घेणं म्हणजे त्यांना अपमान वाटायचा. "टेप शिंप्याला लागतो. मला डोळे दिल्यात," म्हणायचे. ज्याला स्वेटर करायचा त्याच्याभोवती ते एकदा गोल फिरायचे, सलामी झाल्यावर पैलवान पैलवानाभोवती फिरतो तसे. बस्स. मग खाली बसून टाके घालायला सुरुवात. छापील नक्षीचाही त्यांना राग. नगरच्या कापडबाजारातल्या लोकरीच्या दुकानात बाईंनी त्यांना कौतुकानं एक डिझाईनचा कागद दिला, तर यांनी तो उलटासुलटा करून परत केला. "ह्या कागदानं आमचा पैलवान बघितलाय का? न्हाई ना? मंग ह्यो कशाला सांगतोय कुठं किती टाके घालायचे?"

त्यामुळे व्हायचं काय, की त्यांचा स्वेटर चालता चालता बदलायचा. ज्याच्यासाठी घेतलाय त्या पोराची छाती जोर मारून रुंद झाली, की वस्ताद चार टाके वाढवायचे. लोकर कमी पडली की दुसऱ्या रंगाचा पट्टा. डाव्या बाजूला चूक झाली तर उजव्या बाजूला मुद्दाम तीच चूक, की झाली नक्षी. वेणीच्या विणीला ते 'मोळी' म्हणायचे, कारण त्या नावाच्या डावात समोरच्याची खरंच मोळी बांधली जाते. पण एक गोष्ट ते कधीही करायचे नाहीत. उसवायचे नाहीत. विणलेली एक ओळसुद्धा मागे घ्यायचे नाहीत. काकी, म्हणजे वस्तादांची बायको, कधी म्हणायच्या, "अवो, ती चूक दिसतीय, एवढं उसवा की." त्यावर यांचं उत्तर ठरलेलं. "कुस्तीत पाय घसरला म्हणून परत सलामीपासनं लावत्यात व्हय? घसरला तिथनंच फुडं."

आता त्या स्वेटरचं महत्त्व सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

दिवाळी झाली की वस्ताद वर्षाचा एकच स्वेटर सुरू करायचे. कुणासाठी ते सांगायचे नाहीत. पण तालमीला माहीत असायचं, की ज्याच्यावर वस्तादांची जिल्ह्याच्या निवड चाचणीसाठी आशा आहे, स्वेटर त्याचा. कुस्ती संपली की घामावर गार वारं लागू नये म्हणून तो अंगात घालायचा. स्वेटर वीतभर झाला की पोरांचे अंदाज सुरू. रुंद दिसला तर अमक्याचा, अरुंद दिसला तर तमक्याचा. निवडणुकीच्या निकालाच्या आदल्या दिवशी चहाच्या टपरीवर चालतात तशा चर्चा! आणि त्या वर्षी, भर तालमीत, वस्ताद उठले आणि लंगडत माझ्याभोवती गोल फिरले.

रुबीनानं मला एवढ्या जोरात चिमटा काढला की वळ उठला. "अगं, तुझ्याभोवती! अल्ला कसम, तुझ्याभोवती फिरले!"

मला घरी जाईपर्यंत पाय जमिनीला लागल्याचं आठवत नाही. मुलीच्या नावाचा स्वेटर! त्या तालमीत!

पण माझ्या पोटात एक भीती होती आणि ती मी कुणाला सांगितली नव्हती. आदल्या वर्षी श्रीगोंद्याच्या एका मुलीनं मला चितपट केलं होतं. हरणं वेगळं. हिनं मला हात मिळवला आणि पुढच्या क्षणी मी छत बघत होते. मला काय झालं ते कळलंच नाही, म्हणून भीती जास्त. ती मुलगी सत्तावन्न किलोत खेळायची. माझं वजनही तिथंच बसत होतं. मग मी मनाशी ठरवलं, आपण खाली जायचं. त्रेपन्नात. तिथं ती नसेल.

वस्तादांना मी म्हटलं, "या वर्षी त्रेपन्नात उतरते." ते कुणाला तरी ओरडत होते, मला नुसतं "हं" म्हणाले. वजन या प्रकरणाकडे त्यांचं लक्षच नसायचं. "वजन गव्हाचं करत्यात. पैलवानाचा दम बघायचा." तालमीत काटाही नव्हता. मी आपली किराणा दुकानात साखरेच्या पोत्यांच्या काट्यावर गुपचूप उभी राहायचे.

आणि खाणं तोडलं. दोन भाकरीची एक केली, एकीची अर्धी. पहाटे काकी त्यांच्या म्हशीचं गरम दूध, त्यात वाटलेले बदाम, असा तांब्या माझ्यासाठी पाठवायच्या. तो मी रुबीनाला द्यायचे. रुबीना बासष्ट किलोत होती आणि तिला कशाचंच वावडं नव्हतं. "पाप लागंल गं मला," असं म्हणून ती तो तांब्या एका दमात रिकामा करायची.

आता गंमत बघा. गंमत म्हणते आहे, पण तेव्हा ती जिवावर बेतली असती.

वस्ताद विणताना स्वेटरकडे बघत नसत, माझ्याकडे बघत. मी बारीक होत चालले होते. त्यांच्या डोळ्यांनी ते टिपलं आणि हातांनी, त्यांना न विचारता, टाके कमी करायला सुरुवात केली. इकडे रुबीना काकींच्या घरी जाऊन स्वेटर चोरून बघायची आणि मला बातमी द्यायची, "अगं, वर निमुळता होत चाललाय." मला वाटायचं, बघा! वस्तादांच्या मनातही त्रेपन्नच आहे! त्यांना मी बारीक हवी आहे! मग उरलेली अर्धी भाकरीही मी ताटात ठेवायला लागले. मी आणखी बारीक. मग स्वेटर आणखी अरुंद. स्वेटर अरुंद म्हणून मी आणखी उपाशी. मी त्यांच्या स्वेटरच्या मापाची व्हायला बघत होते आणि ते माझ्या मापाचा स्वेटर करायला बघत होते. दोघंही एकमेकांवर विश्वास ठेवून खाली खाली चाललो होतो, आणि कुणीही तोंडानं एक शब्द बोलत नव्हतं. तालमीत बोलायची पद्धतच नव्हती ना! पहाटे पळताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. पकड सुटायला लागली. पाळी चुकली, तर मी मूर्ख, खूश झाले की त्रास वाचला.

एका सकाळी स्वेटरची पाठ पुरी झाली. वस्तादांनी ती तालमीतल्या खुंटीवर टांगली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी तिच्याकडे समोरून बघितलं असेल. खाली पोत्याच्या तोंडाएवढी रुंद, वर जाता जाता निमुळती, खांद्यापाशी तर अगदी पोरासोरांच्या मापाची. मोळीच्या वेण्या वर जाऊन एकमेकींना चिकटल्या होत्या.

"वस्ताद, नरसाळं झालं की!" एक पोरगा हसला. मग सगळेच हसले. मीही हसले.

वस्ताद हसले नाहीत. "हिकडं ये," मला म्हणाले. मला पाठमोरी उभी करून त्यांनी ती पाठ माझ्या पाठीला लावली. खांद्याला तंतोतंत बसली. खाली मात्र दोन्ही बाजूंनी लोंबत राहिली.

"हे वरचं माप कुनाचं?"

"माझंच."

"आन हे खालचं?"

"तेही माझंच, वस्ताद. दिवाळीतलं."

त्यांनी लोंबणारी कड मुठीत धरली. मग म्हणाले, "मंग मधली पोरगी कुठं गेली?"

तेवढ्यात रुबीनानं, माझ्या त्या मैत्रिणीनं, भोकाड पसरलं. "वस्ताद, तिचं दूध मी पिते! रोज! ती भाकरी पण खात न्हाई! मला मारा!"

वस्ताद खाली बसले. मला वाटलं आता शिव्यांचा पूर येणार. पण ते आपल्या हातांकडे बघत होते, पंजे उलटेसुलटे करून, दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे. "मला वाटलं मी माप घेतोय," म्हणाले, "आन मी तर तुला कापत हुतो."

मग त्यांनी सुई काढली, धाग्याचं टोक शोधलं आणि ओढलं.

सर्र! एक ओळ गेली. मग दुसरी. सगळी तालीम बघत होती. त्या घरात, त्या तालमीत, एवढ्या वर्षांत कुणी वस्तादांना उसवताना पाहिलं नव्हतं. काकी तालमीमागच्या गोठ्यातून शेणाच्या हातानं धावत आल्या आणि दारात थांबल्या. "हात फुडं कर," वस्ताद मला म्हणाले. मी दोन्ही हात पसरून उभी राहिले आणि ते माझ्या हातांवर लोकर गुंडाळत गेले. खांदे गेले, वेण्या गेल्या, पोटाचा भाग गेला. शेवयांसारखी वेटोळी झालेली लोकर माझ्या मनगटांवर साचत होती आणि मी रडत होते.

"कुनाला भ्याली?" त्यांनी विचारलं.

"श्रीगोंद्याच्या पोरीला."

"मंग भी की! भ्यायला कुनी नको म्हनलंय? पन भाकरी खाऊन भ्यायचं. उपाशी पोटी माणूस सावलीला बी भीतं."

त्या दिवशी काकींनी मला समोर बसवून जेवू घातलं. भाकरी, शेंगदाण्याचं कालवण, वर दूध. मी नको म्हटलं की वस्ताद ओसरीवरून खाकरायचे. उसवलेली लोकर गरम पाण्यातून काढून लिंबाच्या झाडाला टांगली आणि ती सरळ व्हावी म्हणून खाली तालमीतलं एक छोटं डंबेल बांधलं. येणाजाणाऱ्यांना वाटायचं, हा काहीतरी नवस असणार.

पण आता स्वेटर करायचा कसा? चाचणी जवळ आली होती आणि मी किती भरणार हे वस्तादांच्या डोळ्यांनाही सांगता येईना. तेव्हा त्यांनी सिस्टरना फोन लावायला सांगितला. सिस्टर रिटायर होऊन नगरातच राहत होत्या. रुबीनानं व्हिडिओ कॉल जोडून दिला, तर वस्तादांनी फोन सवयीनं कानाला लावला.

"मला तुमचा कान दिसतोय," सिस्टरचा तोच आवाज आला, "आणि तो काही बघण्यासारखा नाही. समोर धरा."

अख्खी तालीम फोनभोवती गोळा झाली. वस्तादांनी सगळं सांगितलं, काही न लपवता. सिस्टर ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "खालून विणता म्हणून हे झालं. खालून विणताना वरचं आधीच ठरवावं लागतं. गळ्यापासून सुरू करा आणि खाली सोडत जा. पोरगी भरेल तसा स्वेटर भरेल. तुम्ही काही ठरवू नका."

"असं बी विणत्यात?" वस्ताद लहान पोरासारखे पुढे झुकले. त्यांचे डोळे असे चमकले, की मी ते कधी विसरणार नाही. या वयात नवा डाव मिळाला होता!

त्या विणीला मधे तार असलेली सुई लागते. ती सिस्टरनी नगरहून येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाच्या हाती पाठवली. आणि मग जे दिवस आले ना, तसे दिवस मला पुन्हा मिळाले नाहीत. रोज संध्याकाळी सराव झाला की तो अर्धामुर्धा स्वेटर सुईसकट माझ्या डोक्यातून घालायचे. टोचायचा. वस्ताद भोवती फिरायचे आणि मग आनंदानं ओरडायचे, "भरली रं! खांदा भरला! टाके वाढवा!" जणू टाके वाढवणारं दुसरंच कुणी होतं. पोरं शड्डू ठोकायची. माझी प्रत्येक भाकरी ही सगळ्या तालमीची भाकरी झाली. आडदांड पोरं मला येता जाता विचारायची, "आज किती खाल्ल्या?" पकड परत आली. पहाटेची अंधारी गेली. पोटापर्यंत आल्यावर मरून लोकर संपली, दुकानात तसली छटा मिळेना, म्हणून पिवळा पट्टा घातला. काकी म्हणाल्या, "पोटावरच पिवळा? दिसंल की." वस्ताद म्हणाले, "दिसू दे. पोट हाय पोरीला, कळू दे लोकांना."

बाह्या शेवटी करायच्या होत्या आणि तिथंच वेळ संपला. चाचणीच्या पहाटे आम्ही जीपनं नगरला निघालो. रस्त्यात खड्डे, बाहेर थंडी आणि पुढच्या सीटवर वस्ताद बाही विणतायत. एका टाक्याला एक, आणि खड्ड्याला दोन. ड्रायव्हर बिचारा सगळ्या आपल्यालाच आहेत असं समजून हळू चालवत होता, त्याबद्दल त्याला वेगळ्या पडल्या. नगर आलं तेव्हा डावी बाही पुरी झाली होती. उजवी सुरूच झाली नव्हती.

मी सत्तावन्नात उतरले. फायनलला समोर तीच.

तिनं तसाच हात मिळवला. तशीच अंगावर आली. मी भ्याले होते, खोटं कशाला सांगू? पण या वेळी माझे पाय मॅटवर होते आणि पोटात भाकरी होती. तिनं पट काढायला माझ्या पायाला हात घातला, मी पाय मागे टाकला. तिनं मान धरली, मी सोडवली. छत काही दिसलं नाही! गुण तिचे जास्त होत होते, पण मी उभी होते, आणि आपण उभ्या आहोत याचाच मला एवढा आनंद झाला की मला हसू फुटलं. ते बघून ती बिचकली. आणि त्याच वेळी गर्दीतून आवाज आला. वस्ताद उभे राहिले होते, त्या मोडक्या गुडघ्यावर, हातातल्या स्वेटरची एकुलती बाही फडकवत.

"खांदा, पोरी! खांदा भरलाय तुजा! खांदा घाल!"

मी वाकले, खांदा तिच्या खाली घातला आणि उठले. ती वर आली. खरंच वर आली! पुढचं मला आठवत नाही, फक्त पंचांचा हात मॅटवर पडल्याचा आवाज आठवतो, आणि छत ती बघत होती.

वस्ताद लंगडत आले आणि त्यांनी तो स्वेटर माझ्या डोक्यातून घातला. दुसऱ्या दिवशी गावभर फोटो फिरला, त्यात माझा एक हात झाकलेला आणि एक उघडा आहे. श्रीगोंद्याची मुलगी जवळ आली, तिनं त्या लोकरीला हात लावला आणि विचारलं, "कुठनं घेतला?"

"इकत न्हाई मिळत," वस्ताद म्हणाले. "माज्या तालमीत ये, मंग बघू."

दुसऱ्या बाहीचं त्यांनी तिथंच जाहीर केलं. "ती राज्याचं पदक आनल्यावर." मी राज्याला गेले आणि पहिल्याच फेरीत हरले. वस्तादांनी मला स्टँडवर भेळ खाऊ घातली. बाहीची गोष्ट त्यांनी काढली नाही, मीही काढली नाही. स्वेटर तसाच राहिला, एका बाहीचा. माझ्या लग्नात सासरच्यांनी तो बॅगेत बघितला आणि उंदरानं खाल्ला म्हणून टाकायला निघाले होते.

या हिवाळ्यात काकींचा फोन आला. तालीम आता पत्र्याच्या नव्या हॉलमध्ये आहे, मॅटवर, आणि वस्तादांचाच एक चेला शिकवतो. गुडघा पार आखडल्यामुळे वस्तादांचं जाणं थांबलं होतं. "सुया बी गुंडाळून ठेवल्यात," काकी म्हणाल्या. "डॉक्टर म्हनतो काय झालं न्हाई. पन दोन घास खात्यात आन ताट सरकवत्यात. शिव्या सुदिक देईनात गं. मला लई भ्या वाटतंय."

शिव्या देत नाहीत हे ऐकून मला खरी धडकी भरली. रविवारी पहिली गाडी धरली. वस्ताद ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. शर्टातून हाडं दिसत होती. मी पिशवीतून स्वेटर काढला आणि सरळ त्यांच्या डोक्यातून घातला. ज्या माणसाच्या दंडात हा शिरला नसता, त्याच्या अंगावर तो ऐसपैस लोंबत होता. एक हात मरून बाहीत, एक उघडा. मी लंगडत त्यांच्याभोवती गोल फिरले.

"वस्ताद, मधला पैलवान कुठं गेला?"

त्यांनी मान वर केली. माझ्याकडे बघितलं, लोंबणाऱ्या लोकरीकडे बघितलं. आणि मग अशी एक सणसणीत शिवी हासडली, की काकी हातातलं पीठ तसंच ठेवून बाहेर पळत आल्या आणि देवाला नमस्कार केला.

"काकी, दोन ताटं वाढा," मी म्हटलं. "ते जेवले तर मी जेवणार. नाहीतर मी उपाशी परत जाते. मला उपाशी राहायची सवय आहे, त्यांना विचारा."

वस्ताद जेवले. अर्धी भाकरी, पण जेवले. मग उघड्या खांद्यावरचे तसेच राहिलेले टाके बोटांनी चाचपत म्हणाले, "ही बाही ऱ्हायली हुती न्हवं?"

"तुम्ही म्हणाला होतात, राज्याचं पदक आणल्यावर."

"आनलं न्हाईस."

"नाही आणलं."

"मरू दे त्ये पदक. सुया कुठं ठेवल्यात गं?" त्यांनी आतल्या बाजूला ओरडून विचारलं.

मरून लोकर आता कुठून मिळणार? काकींच्या पेटीत हिरवी होती, ती घेतली. तेव्हापासून काकींचा मला रोज फोन येतो. आज भाकरी एक आणि बाही दंडापर्यंत. आज भाकरी दीड आणि कोपर आलं. आज तालमीतली पोरं बघायला आली आणि तीन जणांना शिव्या बसल्या. मी शाळेच्या मैदानावर असले तरी मुलींना पळायला सांगून तो फोन घेतेच.

काल पुन्हा वाजला. "अगं, बाही मनगटापातूर आली," काकी म्हणाल्या. "आता टाके बंद करतो म्हनत्यात."

"करू देऊ नका!" मी एवढ्यानं ओरडले की मैदानावरच्या सगळ्या मुली थांबल्या. "त्यांना सांगा, आखूड आहे. पोरीचा हात वाढलाय म्हणावं!"

पलीकडे लांबून वस्तादांचा आवाज आला, "ह्या वयात हात वाढतोय व्हय कुनाचा, गाढवे?"

आणि पाठोपाठ पुढची शिवी आली, मग तिच्या पुढची, एकेक, सावकाश, टाका पडावा तशी.